‘खो’च्या आधी काय घडतं?

मैसूरच्या वायव्येला, पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचं गाव आहे. गावाला लागून एकटा उभा डोंगर, वर जायला तीन हजारांहून जास्त पायऱ्या आणि माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ. कन्नडमधला सिडिलु म्हणजे आपली वीज. ती या देवाच्या दर्शनाला येते, अशी तिथली श्रद्धा आहे. आजूबाजूच्या सपाटीत असा एकच उंचवटा असल्यावर विजेनेही तोच निवडावा, यात नवल नाही. वळवाच्या दिवसांत गावातून डोंगराकडे पाहणाऱ्याला लखलखाट आधी दिसतो आणि गडगडाट मागून येतो. एका किलोमीटरला साधारण तीन सेकंदांचा फरक, हे आपण शाळेत शिकलेलो असतो.

शाळेत शिकवत नाहीत ती गोष्ट पुढची. उजेड आणि आवाज एकाच क्षणी माणसापाशी पोचले, तर शरीर आवाजाला आधी उत्तर देतं. दिवा लागताच बटण दाबायला सांगितलं, तर धडधाकट तरुणाला सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे ०.१८ ते ०.२ सेकंद लागतात. तेच काम घंटी ऐकून करायचं असेल तर ०.१४ ते ०.१६ सेकंदांत उरकतं. कानातल्या केसपेशी हवेच्या कंपनाने नुसत्या वाकल्या की संदेश सुटतो. डोळ्याच्या पडद्यावर मात्र प्रकाश पडल्यावर आधी एक रासायनिक साखळी पुरी व्हावी लागते. म्हणून आवाज कानातून मेंदूपर्यंत ८ ते १० मिलिसेकंदांत जातो, आणि दृश्याला त्याच्या दुप्पट ते चौपट वेळ लागतो. त्वचेवरच्या स्पर्शाचा वेग आवाजाच्या जवळपासचा.

हे सगळं लक्षात ठेवून खो-खोकडे पाहिलं तर गंमत वाटते. पाठलाग करणारा गडी बसलेल्या सोबत्याला खो देतो तो मागून, पाठीला हात लावून आणि तोंडाने ‘खो’ म्हणून. खो मिळाला हे कळायला त्याला डोळ्यांचं काही कामच नाही. त्याला मिळतात त्या स्पर्श आणि आवाज या दोन जलद संवेदना, त्याही एकदम. दोन संवेदना एकत्र आल्या की एकटीपेक्षा प्रतिसाद आणखी थोडा लवकर येतो, हे प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले तेव्हा कुणी मज्जातंतूंचा विचार केला असेल, असं मला म्हणायचं नाही. खेळ पिढ्यानपिढ्या मातीत घोटला गेला की त्याचे नियम शरीराच्या मापाचे होतात, एवढंच.

बेट्टदपुरच्याच जिल्ह्यात, दुसऱ्या टोकाला टी. नरसीपुर तालुक्यातलं कुरुबूर आहे. तिथली चैत्रा बी. ही १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. संघाची कर्णधार आपली प्रियांका इंगळे. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय. त्याच दिवशी पुरुषांनी प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. अशा सामन्यानंतर एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘काय विजेसारखी चपळ पोरं आहेत!’ कौतुक रास्तच आहे. पण ही चपळाई नेमकी शरीरात कुठे असते, याचा शोध घेतला तर आपण बघत असतो त्यापेक्षा वेगळ्याच जागी ती सापडते.

आधी एक पैजेचा प्रयोग. पाचशेची कोरी नोट उभी धरा. समोरच्याला अंगठा आणि बोट नोटेच्या बरोबर मध्यावर, पण तिला न लावता ठेवायला सांगा. न सांगता नोट सोडा. पकडली तर नोट त्याची. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असते. म्हणजे बोटांखाली उरते ती साडेसात सेंटिमीटर. एवढं अंतर पडायला नोटेला ०.१२ सेकंद लागतात आणि पडताना दिसलेल्या वस्तूवर बोटं मिटायला माणसाला ०.२ च्या आसपास. तुमचे पैसे सुरक्षित आहेत. मात्र सोडण्याआधी तुमचा अंगठा किंचित हलतो, हे त्याच्या लक्षात आलं तर नोट गेलीच म्हणून समजा! त्याची नस तेवढ्यात वेगवान झालेली नसते, त्याने फक्त आधीची खूण वाचलेली असते.

या ०.२ सेकंदांचा हिशेब मांडता येतो. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणंच अशक्य आहे, असं एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला. सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. आगगाडीपेक्षा फार वेगळा नाही, आणि तेव्हाच्या लोकांना हे फारच कमी वाटलं. माणसाच्या पायाकडे जाणाऱ्या नसांत हा वेग ४० ते ६० मीटर असतो. मेंदूकडून पोटरीपर्यंतचा दीड मीटरचा प्रवास तीसेक मिलिसेकंदांत संपतो. मग स्नायूला विजेचा संदेश मिळाल्यापासून प्रत्यक्ष ताण निर्माण होईपर्यंत आणखी काही मिलिसेकंद. डोळ्याकडून येताना वीस ते चाळीस. ही बेरीज करूनही बराच वेळ शिल्लक राहतो, आणि तो जातो मेंदूत : काय झालं ते ओळखण्यात, काय करायचं ते ठरवण्यात, आणि ठरवलेलं स्नायूंच्या भाषेत मांडण्यात. डच वैद्य डॉन्डर्सने १८६८ मध्ये साधा प्रतिसाद आणि निवड करून दिलेला प्रतिसाद यांची वजाबाकी करून हा विचाराचा वेळ पहिल्यांदा वेगळा काढला. १९५२ मध्ये हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की पर्यायांची संख्या दुप्पट झाली की प्रतिसादाच्या वेळात दर खेपेला साधारण सारखीच भर पडते.

नसेचा वेग सरावाने फारसा वाढत नाही. तो नसेच्या जाडीवर आणि तिच्यावरच्या मायलिनच्या आवरणावर अवलंबून असतो. मुलांमध्ये ही यंत्रणा पक्की व्हायला पौगंडावस्था उजाडते. विशीत ती सगळ्यात तल्लख, आणि पुढे हळूहळू उतार. थंडीचा परिणाम तर सरळच : नस एक अंश सेल्सिअसने गार झाली की संदेशाचा वेग सेकंदाला दोनेक मीटरने उतरतो. डिसेंबरात पहाटे मैदानावर येऊन अंग न तापवता पळायला लावणाऱ्या प्रशिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. झोप कमी पडली तर सरासरी वेळ थोडाच वाढतो. मधूनच प्रतिसाद पूर्ण हुकतो, आणि ते जास्त घातक.

मग सरावाने काय बदलतं? ठरवण्याचं काम आधीच उरकून ठेवता येतं. खो-खोत हे स्वच्छ दिसतं. बसलेले गडी एकाआड एक उलट्या बाजूंना तोंड करून असतात. खो मिळाल्यावर ज्याचं तोंड ज्या बाजूला, त्याने त्याच बाजूला निघायचं. म्हणजे निम्मे पर्याय नियमानेच कापले. उरलं डावीकडे की उजवीकडे, आणि ते उठणाऱ्याने बसल्या बसल्या, समोरून जाणाऱ्या संरक्षकाकडे बघत आधीच ठरवलेलं असतं. त्याची बैठकही त्याच हिशेबाची. शारीरिक शिक्षणाच्या वर्गात ‘पॅरलल टो’ आणि ‘बुलेट टो’ अशा दोन बैठका शिकवतात. पहिल्यात दोन्ही चवडे एका रेषेत; दोन्हीकडे वळता येतं, पण पहिला रेटा कमी. दुसरीत एक पाऊल मागे, स्प्रिंटरसारखं. सुटतो गोळीसारखा, पण दिशा मनात पक्की असेल तरच. टाचा उचललेल्या, वजन चवड्यांवर, हाताचे पंजे जमिनीला. पोटरीचे आणि मांडीचे स्नायू आधीच ताणलेले असल्यामुळे संदेश पोचल्यावर त्यांची ढिलाई काढण्यात वेळ जात नाही. पण या ताणाच्या भरात खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. खो-खोतला बसलेला गडी दिसतो स्वस्थ. प्रत्यक्षात तो मैदानातला सगळ्यात अवघड तोल सांभाळत असतो.

आता पळणाऱ्याची बाजू. समजा तो सेकंदाला सहा मीटर वेगाने धावतो आहे. पाठलाग करणाऱ्याने त्याची हालचाल पाहून प्रतिसाद द्यायचं ठरवलं, तर ०.२ सेकंदांत तो सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. पारंपरिक मैदानात दोन बसलेल्या गड्यांमधल्या जागेचं जवळजवळ निम्मं अंतर. पाहून मग धावणारा कायम सव्वा मीटर मागेच राहणार. म्हणून चांगला आक्रमक पाहून धावत नाही. संरक्षक कुठे असेल तिथे तो हात टाकतो. खो-खोत ‘जजमेंट खो’ म्हणतात तो हाच अंदाज.

आणि नेमका हाच अंदाज पळणारा मोडतो. हुलकावणीमागचं शास्त्र मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं. मेंदू एका वेळी एकच प्रतिसाद ठरवू शकतो. पहिल्या खुणेवरचा निर्णय सुरू असताना लगेच दुसरी खूण आली, तर तिला रांगेत थांबावं लागतं आणि तिच्यावरचा प्रतिसाद नेहमीपेक्षा उशिरा येतो. १९३१ पासून प्रयोगांत दिसत आलेली ही गोष्ट. पळणारा खांद्याने डावीकडचा इशारा करतो. पाठलाग करणारा डावीकडे निघायचं ठरवतो. आणि सेकंदाच्या दहाव्या भागात पळणारा उजवीकडे वळतो. हुलकावणी फार लवकर मोडली तर पाहणारा पहिला इशारा धरतच नाही, फार उशिरा मोडली तर तोपर्यंत त्याचा मेंदू मोकळा झालेला असतो. मधली ती चिमूटभर फट पळणाऱ्याला घड्याळाशिवाय साधावी लागते. मुरलेले खेळाडू यावर उतारा म्हणून खांदे आणि नजर सोडून समोरच्याच्या कमरेकडे बघतात. खांदा खोटं बोलू शकतो. शरीराचं वजन जिकडे चाललं आहे त्याबद्दल कंबर सहसा खोटं बोलत नाही.

क्रिकेटच्या वेड्यांना हेच उदाहरण घरचं वाटेल. १९७१ मध्ये हेल्मेटशिवाय वेस्ट इंडिजविरुद्ध एका मालिकेत ७७४ धावा करणाऱ्या गावसकरांचे डोळे इतरांपेक्षा जास्त वेगाने संदेश पाठवत होते, असं मानायला आधार नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजाशी पोचतो. ऑक्सफर्डच्या मॅक्लाऊडने १९८७ मध्ये कसोटी दर्जाच्या फलंदाजांना असा टप्पा दिला की पडल्यावर चेंडू कुठे वळेल ते आधी कळणारच नाही. त्यांनाही बदललेल्या चेंडूसाठी बॅट हलवायला ०.२ सेकंद लागले, तुमच्याआमच्याएवढेच. २००० मध्ये त्यानेच माइक लँडबरोबर फलंदाजांच्या नजरेचा माग घेतला. चेंडू सुटताच नजर काही काळ त्याच्यावर, मग तो जिथे टप्पा घेणार तिथे झेप घेऊन वाट पाहत थांबते. चांगल्या फलंदाजाची ही झेप आधी होते.

यावरून माझं एक मत झालंय, आणि ते काही प्रशिक्षकांना रुचणार नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या महागड्या पॅडवर हात मारून ‘रिफ्लेक्स’ वाढवण्याची आजकाल टूम आहे. त्याने दिवे विझवण्यातली हुशारी वाढते. समोरच्याची कंबर वाचायला मात्र समोर माणूस लागतो. मुलांना रोज वेगवेगळ्या पळणाऱ्यांसमोर उभं करा; मातीचं मैदान त्या पॅडपेक्षा स्वस्त आहे.

मैदानाबाहेर हाच हिशेब उलटा लागतो. बोट बटणावर ठेवून दिव्याची वाट पाहणाऱ्याचे ०.२ सेकंद आणि गाडी चालवताना समोर अचानक बैल आल्यावरचे क्षण यांची तुलनाच नाही. अनपेक्षित गोष्ट ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या वेळासाठी इंडियन रोड्स काँग्रेस रस्ते आखताना अडीच सेकंद धरते. ताशी १०० किलोमीटर वेगाला या अडीच सेकंदांत गाडी जवळपास ७० मीटर जाते, आणि ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या गाडीला चिकटून चालणाऱ्या हौशी चालकांनी आपल्या ‘रिफ्लेक्स’वर विसंबू नये. त्यांच्यापाशी आधीची खूण वाचायला जागाच उरलेली नसते.

मोजणाऱ्याचं काय? १७९६ मध्ये ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख मॅस्केलीन याने किन्नेब्रूक या सहायकाला काढून टाकलं, कारण ताऱ्याच्या संक्रमणाची त्याची नोंद जवळपास ०.८ सेकंद उशिराची येत होती. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने तपासलं, तर कुठल्याच दोन निरीक्षकांची नोंद जुळेना. प्रतिसादाच्या वेळेचं सगळं शास्त्र या भांडणातून उगवलं. आज ॲथलेटिक्समध्ये ठोकळ्यांतले संवेदक ०.१ सेकंदाच्या आतला सुटणारा पाय पकडतात. २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत डेव्हन ॲलन ०.०९९ ला सुटला म्हणून बाद झाला. तिथे मिलिसेकंदाचाही न्याय होतो. खो-खोत बहुतेक ठिकाणी अजून पंचाचे कान आणि डोळेच आहेत. पाठीवर हात पडताना त्याला दिसतो, ‘खो’ ऐकू येतो, आणि आधी काय झालं याचा निवाडा तो त्याच ०.२ सेकंदांच्या शरीराने करतो, पुन्हा त्या दोन खुणांपैकी एक डोळ्याच्या सावकाश वाटेने येते. म्हणून मैदानावर वाद होऊ नये यासाठी मुरलेले पंच पाठलाग करणाऱ्याच्या हातापेक्षा उठणाऱ्याच्या टाचांकडे बघत असतात.