पिशवी काढली, तरी गाठ दाखवायचीच

बीड जिल्ह्यातल्या अनेक बायकांनी कॅन्सरचं नाव ऐकलं ते गर्भाशयाच्या पिशवीच्या निमित्ताने. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. त्यातून एक खोटा दिलासा मागे राहिला: पिशवी गेली, आता कॅन्सरचं भय नाही. गर्भाशय काढल्याने स्तनाच्या कॅन्सरपासून बचाव होत नाही. नको ते ऑपरेशन कर्ज काढून झालं आणि छातीतली गाठ मात्र पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, अंगावर काढली, हा उफराटा न्याय आहे.

गैरसमज: दुखत नाही, म्हणजे साधी गाठ.
सुरुवातीला कॅन्सरची गाठ सहसा दुखत नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात हेही खरं, पण ते तपासून ठरतं. स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर थांबू नये. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखाहून जास्त महिलांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या महिलांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केली, मशीन नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

गैरसमज: सुई टोचली की गाठ पसरते.
उशिरा आलेल्या बाईची बायोप्सी होते, पुढे ती दगावते आणि दोष सुईवर येतो. खरा दोष आधी गेलेल्या महिन्यांचा. बायोप्सीशिवाय कोणतं औषध लागू पडेल तेच कळत नाही.

गैरसमज: तिचं ताट वेगळं ठेवावं.
हा रोग शिवण्याने, उष्ट्याने होत नाही. बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात साठत नाही. लेकराला कुशीत घेऊन झोपायला हरकत नाही.

गैरसमज: घरच्यांनी धीर दिला की झालं.
धीराने बसभाडं सुटत नाही. केमो बहुधा दर २१ दिवसांनी, काही महिने. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे सलग. इकडे नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली. बाई थांबली की कोयता अर्धा आणि उचल अंगावर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात, बुडालेली मजुरी बसत नाही. म्हणून आधार म्हणजे त्या हंगामात उचल न घेणं, जमलं तर. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात सोबत कोण जाणार, म्हैस कोण पिळणार, हे सासू-जावेने आधीच ठरवणं. घरात थर्मामीटर ठेवणं: केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना.

गैरसमज: बरी झाली, आता गोळी कशाला?
हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीत ऑपरेशननंतरही रोजची गोळी साधारणपणे किमान पाच वर्षं चालते. टोळी निघण्याआधी डॉक्टरांना तसं सांगून पट्टा पडेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्याव्यात.