प्रस्थानापूर्वीचे पत्र

बंगळूर शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचा एक विस्तीर्ण तलाव आहे. अलीकडे त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले ते बहुधा त्यावर साचणाऱ्या विषारी फेसामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र याच पाण्यावर कॅटालिना जातीची समुद्री विमाने उतरत असत. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये जवळच स्थापन केलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात त्यांची दुरुस्ती होई. १९४३ मध्ये हा कारखाना अमेरिकी लष्करी हवाईदलाकडे चालविण्यास देण्यात आला. शहरातच हलसूर तलावाच्या परिसरात मद्रास सॅपर्सचे केंद्र होते आणि त्या दलाचे जवान ब्रह्मदेशापासून इटलीपर्यंतच्या आघाड्यांवर लढले. अशा रीतीने त्या वर्षांत पुढील हुकमाची वाट पाहणारे असंख्य तरुण बंगळुरात होते. या प्रतीक्षेच्या काळात ते घरी, पत्नीला किंवा प्रेयसीला पत्रे लिहीत. त्या पत्रांचे स्वरूप कोणत्या बंधनांनी घडले, हे येथे पाहावयाचे आहे.

पहिले बंधन लष्कराचे होते. परदेशी निघणाऱ्या सैनिकाला आपण कोठे जाणार, केव्हा निघणार आणि कोणत्या जहाजाने जाणार, यांपैकी काहीही लिहिण्यास मनाई असे. शत्रूच्या पाणबुड्यांना एवढी माहितीही पुरेशी होती. पत्त्यावर गावाचे नाव नसे. सैनिकाचे नाव व क्रमांक, त्याची पलटण आणि लष्करी डाकघराचा आकडा एवढ्यावरच पत्र पोहोचे. ही पद्धत भारतीय सैन्यात पुढेही राहिली, ‘५६ ए.पी.ओ.’ हा पत्ता अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. साध्या सैनिकाचे पत्र त्याच्याच तुकडीतील अधिकारी वाचीत आणि आक्षेपार्ह मजकूर खोडीत किंवा कापून काढीत. ज्याच्यासमोर सकाळी कवायतीला उभे राहावयाचे, त्यानेच आपले प्रेमपत्र वाचावे, ही कल्पना कोणालाही संकोचाची वाटणार. ब्रिटिश सैन्यात यावर उपाय म्हणून हिरवी पाकिटे देण्यात येत. आत केवळ खाजगी व कौटुंबिक मजकूर आहे, अशी ग्वाही पाकिटावर सही करून दिली की तुकडीतील अधिकारी ते उघडत नसे. तपासणी झालीच तर ती दूरच्या तळावर, अनोळखी माणसाकडून होई.

पत्राची लांबीही युद्धाने ठरविली. जून १९४२ पासून अमेरिकी सैनिकांसाठी ‘व्ही-मेल’ सुरू झाली. ठरावीक कागदावर लिहिलेल्या पत्राचे सूक्ष्म छायाचित्र फिल्मवर घेऊन ती विमानाने पाठवीत आणि पलीकडे पुन्हा कागदावर उतरवून घेत. दीड लाख पत्रांना लागणाऱ्या ३७ थैल्यांऐवजी त्यामुळे एकच थैली पुरे आणि सुमारे १,१७० किलोंचे वजन २० किलोंवर येई. विरहाचे सारे मनोगत एका पानात बसवावे लागे.

भारतीय सैनिकाच्या बाबतीत याखेरीज दुसरे बंधन होते आणि ते घरचे होते. १९४१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १६ टक्के, तर स्त्रियांमध्ये ते ७ टक्क्यांच्या आसपास होते. साहजिकच पुष्कळदा पत्र लिहिणारा एक, लिहविणारा दुसरा आणि गावी ते मोठ्याने वाचून दाखविणारा शिक्षक किंवा पोस्टमन तिसरा असे. ऐकणाऱ्यांत सारे घर असे. उखाण्याखेरीज पतीचे नाव न घेणाऱ्या आणि वडीलधाऱ्यांसमोर पतीशी मोकळेपणाने न बोलणाऱ्या स्त्रीला अशा पत्रातून थेट काय सांगता येणार? म्हणून आरंभी तीर्थरूपांस शिरसाष्टांग नमस्कार, मग शेताची, गुरांची व पाठवावयाच्या पैशांची चौकशी आणि अखेरीस एखाद्या ओळीत तिला आशीर्वाद, अशी त्या काळच्या पत्रलेखनाची रूढ चौकट होती. तिच्या प्रकृतीविषयी एखादा जादा प्रश्न किंवा माहेरी जाण्याची परवानगी, एवढ्यात पुष्कळ काही सांगितले जाई.

या दोन बंधनांतून आडून बोलण्याची एक रीत तयार झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील भारतीय सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी स्वतंत्र कचेरी होती. तेथील कागदपत्रांत काळ्या मिरीचा व लाल मिरीचा उल्लेख आढळतो. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल म्हणजे गोरे, हे तपासनिसांनी ओळखले होते. पण अशी सर्वच सूचक वाक्ये त्यांना उमगली असतील असे नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तपासनिसांनी वेचक पत्रांचे इंग्रजी उतारे करून अहवालांना जोडले आणि ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहेत. मूळ पत्रे बहुतांशी पुढे घरोघरी गेली आणि काळाच्या ओघात नाहीशी झाली. ज्या व्यवस्थेने सैनिकाच्या बोलण्यावर पहारा ठेवला, तिच्याच दप्तरात त्याचे शब्द टिकले. मात्र ते परक्या भाषेत आणि तुटक स्वरूपात. सैनिकाने बायकोसाठी वापरलेला नेमका शब्द कोणता, हे त्या उताऱ्यांवरून सहसा कळत नाही.

म्हणूनच सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी किंवा बेळगाव जिल्ह्यांतील एखाद्या घरी, जुन्या ट्रंकेत, लष्करी शिक्क्याचे पिवळे पडलेले कार्ड सापडले तर ते ‘यात काही विशेष नाही’ म्हणून टाकून देऊ नये. त्यात स्थळ नसेल, तारीख खोडलेली असेल आणि प्रेमाचा एकही शब्द नसेल. हा कोरडेपणा लिहिणाऱ्याच्या मनाचा असेलच असे नाही. पत्र कोणाकोणाच्या हातांतून जाणार आहे, हे त्याला ठाऊक होते. म्हैस व्याली का, एवढाच प्रश्न त्यात असला, तरी तो कोणासाठी विचारला होता, हे वाचून दाखविणाऱ्याच्या पलीकडे, उंबऱ्याआड उभ्या असलेल्या एका व्यक्तीला बरोबर कळले असेल.