नदीकाठी कॅम्पिंग: तंबू उठतो, पण मागे काय राहतं?

शुक्रवारी रात्री गाडी काढायची, पाण्याच्या काठावर तंबू ठोकायचा, शेकोटी, बार्बेक्यू, गाणी आणि सकाळी धुक्यातला एक रील. पवना धरणापासून भंडारदऱ्यापर्यंत दर वीकेंडला हेच चित्र दिसतं. पण एक गोष्ट कुणीच कॅप्शनमध्ये लिहीत नाही. सकाळी उठल्यावर एवढी सगळी माणसं ‘गेली’ कुठे?

काठावर राहिलेल्या बाटल्या, थर्माकोलच्या प्लेट आणि चिप्सची पाकिटं निदान दिसतात. एखादा ग्रुप येऊन ती उचलूही शकतो. झुडपामागे राहिलेली विष्ठा मात्र कुणी उचलत नाही. खरा धोका तिथेच आहे.

‘नैसर्गिकच आहे, मातीत जिरेल’ हे खरं का नाही?

जिरतं, पण कुठेही आणि कितीही नाही. विष्ठा कुजवण्याचं काम मातीच्या वरच्या थरातले सूक्ष्मजीव करतात. त्यांना सकस माती आणि वेळ, दोन्ही लागतं. नदीकाठी असते वाळू, गोटे आणि ओल. तिथे विष्ठा नीट कुजत नाही आणि पाणी तर हाताच्या अंतरावर. उघड्यावर पडलेली घाण माश्या आणि कुत्री पसरवतात. उरलेली पहिल्या पावसात थेट पात्रात जाते.

दुसरा मुद्दा संख्येचा. रानात एकटा माणूस एखाद्या दिवशी आडोशाला गेला तर माती ते सोसते. त्याच काठावर दर शनिवारी शे-दोनशे माणसं आली तर नाही.

‘गुरंही शेण टाकतातच की’ असं म्हणणाऱ्यांसाठी: टायफॉइडचे जंतू फक्त माणसाकडूनच माणसाकडे जातात. कॉलरा आणि काविळीचे काही प्रकारही मुख्यतः माणसाच्या विष्ठेतूनच पाण्यात उतरतात. वरून धडधाकट दिसणारा माणूसही हे जंतू बाळगून असू शकतो.

पण वाहतं पाणी शुद्ध असतं ना?

वाहतं पाणी घाण नष्ट करत नाही, पुढच्या गावाला नेऊन देतं. पवनेचंच उदाहरण घ्या. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवलं जातं. म्हणजे तंबूतून घरी परतलेल्यांपैकी काही जणांच्या नळाला तेच पाणी येतं. शहराकडे निदान शुद्धीकरण केंद्र आहे. काठावरच्या अनेक वाड्यांची भिस्त मात्र विहिरीवर आणि ब्लीचिंग पावडरवर असते.

मोजमाप किती कडक आहे ते पाहा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू अजिबात सापडता कामा नये. नुसत्या आंघोळीच्या पाण्यातही मलजन्य जिवाणूंची संख्या 100 मिलिलिटरमागे 500 पर्यंत असावी आणि कमाल 2500 च्या वर जाऊ नये, असा निकष आहे. एक ग्रॅम विष्ठेत असे जिवाणू कोटींच्या घरात असू शकतात.

यात एक जुना हिशोबही आहे. याच गावांत कधीकाळी पहाटे गुड मॉर्निंग पथकं फिरली, लोकांनी घरोघरी शौचालयं बांधली, वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी पाटी लागली. आता त्या पाटीपलीकडे उघड्यावर बसतात ती शहरातून आलेली माणसं.

मग बंदी हाच उपाय?

ऋषिकेशला तेही झालं. डिसेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यातल्या गंगाकाठच्या कॅम्पिंगवर नियम ठरेपर्यंत बंदी घातली. राफ्टिंग मात्र चालू राहिलं. कारण उघड आहे. बोट पुढे निघून जाते, कॅम्पचं स्वयंपाकघर आणि संडास काठावरच राहतात.

आपल्याकडचा धडा पंढरपूरचा. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या राहुट्या आणि उघड्यावरचं शौच यावर उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. त्यानंतर वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी नदीपासून बाजूला 65 एकर जागा तयार झाली आणि ‘निर्मल वारी’त पालखी मार्गावर फिरती शौचालयं आली. लाखोंच्या वारीत हे जमू शकतं, तर चाळीस तंबूंच्या कॅम्पवर का नाही?

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवर कित्येक दिवसांच्या राफ्टिंग सहली होतात. तिथे प्रत्येक गटाला आपली विष्ठा बंद डब्यात भरून सोबत परत आणावी लागते. काठावर काहीच सोडायचं नाही.

तुम्ही काय करू शकता?

- बुकिंगआधी विचारा: संडास किती, पाण्यापासून किती लांब, टाकी कोण उपसतं आणि मैला कुठे जातो? उत्तर टाळलं तर दुसरी जागा शोधा. संडास नसला की बायका दिवसभर पाणी न पिता काढतात. हा त्यांच्या तब्येतीचाही प्रश्न आहे.
- सोय नसलेल्या रानात: पाण्यापासून निदान 60 मीटर, म्हणजे साधारण 70 पावलं लांब जा. 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि नंतर मातीने पूर्ण बुजवा.
- वाळूत किंवा खडकात खड्डा नको: घट्ट झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा सोबत न्या. परत आल्यावर ती संडासात रिकामी करा.
- टिश्यू, वेट वाइप्स, पॅड, डायपर पुरू नका: बहुतेक वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात आणि कुत्री खड्डे उकरतात. वेगळ्या पिशवीत बांधून घरी आणा.
- नदीत भांडी घासू नका, साबण लावू नका: पाणी बादलीत काढा आणि काठापासून लांब वापरा.

आणि एक काम फोनवरचं. कॅम्पचा रिव्ह्यू लिहिताना व्ह्यू आणि जेवणाबरोबर संडासाबद्दलही एक ओळ लिहा. कॅम्पवाले रेटिंग रोज वाचतात. गिऱ्हाईक हे विचारू लागलं, की सोय करणं त्यांना भागच पडेल.