एक खोली, चार माणसे आणि ताणाचे चार रस्ते

मुंबईतल्या चाळीतली एक खोली. राहणारी माणसे चार. नोकरी गेलेला ओम, त्याची बायको जया, त्याची आई आणि धाकटा भाऊ जीतू. एक दिवस ओम नवी नोकरी मिळाल्याची बातमी घेऊन घरी येतो. पगार डोळे दिपवणारा, आणि काम म्हणाल तर काहीच नाही. फक्त तब्येत सांभाळायची. परदेशातल्या एका श्रीमंत गिऱ्हाइकाला गरज पडेल तेव्हा स्वतःच्या शरीरातला अवयव काढून द्यायचा, एवढीच अट. अविवाहित माणूसच हवा असल्यामुळे जयाला कागदोपत्री ओमची बहीण व्हावे लागते. कंपनीची माणसे घरातले स्वयंपाकाचे सामान हलवतात, जेवणाऐवजी रंगीत गोळ्या देतात आणि छताला एक गोल यंत्र टांगून जातात. त्या यंत्रातून जिनी नावाची गोरी बाई हवे तेव्हा घरात डोकावते, आणि सर्वांनी हसत राहावे असा आग्रह धरते. अवयव निरोगी राहायचे तर अवयवाचा मालक आनंदी हवा ना!

मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ या इंग्रजी नाटकातली ही खोली. १९९७मध्ये या नाटकाला ग्रीसमधील ओनासिस प्रतिष्ठानच्या आंतरराष्ट्रीय नाट्यलेखन स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. पुढे गोविंद निहलानी यांनी त्यावर ‘देहम’ हा चित्रपट केला. नाटक घडते २०१०च्या मुंबईत. म्हणजे लिहिताना जो काळ भविष्यातला होता तो आता मागे पडला आहे. अशा भयावह भविष्याच्या साहित्याला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. त्यावर बोलताना चर्चा बहुधा सत्ता, तंत्रज्ञान, पाळत यांची होते. पण या कथांमध्ये आणखी एक गोष्ट बारकाईने नोंदवलेली असते. सुटका दिसत नसलेल्या परिस्थितीत माणसाचे मन काय करते? मानसशास्त्रासाठीही हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तोंड देण्याच्या दोन रीती

ताणाला तोंड देण्याच्या प्रयत्नांना मानसशास्त्रात ‘कोपिंग’ म्हणतात. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याचे दोन मुख्य प्रकार मांडले. पहिला, मूळ अडचणीवर काम करण्याचा; दुसरा, अडचणीमुळे उसळलेल्या भावनांना आवर घालण्याचा. नोकरी गेल्यावर दुसरीकडे अर्ज करणे, देणेकऱ्याशी बोलून हप्ते वाढवून घेणे हा पहिला प्रकार. मित्राजवळ मन मोकळे करणे, देवळात जाऊन बसणे, गाणी ऐकणे हा दुसरा.

यातला दुसरा प्रकार कमी प्रतीचा आहे असे मुळीच नाही. जवळचे माणूस गेले असेल तर अडचण सोडवण्यासारखे हातात काही नसते. तेव्हा भावना सांभाळणे हेच काम असते. घोळ होतो तो वेगळ्या ठिकाणी. एखादा उपाय त्या क्षणी आराम देतो, पण त्याच आरामामुळे बाहेर पडायचे दार हळूहळू बंद होते. ‘हार्वेस्ट’मधल्या खोलीत नेमके हेच घडते.

खोलीतले चौघे

ओमचा मार्ग समर्थनाचा आणि नकाराचा. आपण काय विकले आहे, याकडे तो पाहायलाच तयार नसतो. दुसरा इलाजच नव्हता, असे तो घरच्यांना आणि स्वतःला पटवत राहतो. जिनीला राग येऊ नये म्हणून जीव टाकतो. प्रत्यक्ष अवयव न्यायला पहारेकरी येतात तेव्हा मात्र भीतीने त्याचा थरकाप होतो, तो लपतो, आणि त्याच्याऐवजी चुकून जीतूला नेले जाते. नकारामुळे भीती नाहीशी होत नाही, ती फक्त साठून राहते.

आईचा मार्ग पडद्याचा. ती दूरचित्रवाणीसमोरून हलत नाही. मुले समोर कोसळत असतानाही तिला मालिकेतल्या माणसांचीच काळजी. शेवटी ती एक खास यंत्र मागवते. त्यात शिरले की खाण्यापिण्यापासून सगळ्याची सोय आतच होते आणि शेकडो वाहिन्या अखंड चालू राहतात. घरातल्या घरातून ती कायमची निघून जाते.

जीतूचा मार्ग सुन्न होण्याचा. देहविक्रय करून रस्त्यावर जगणारा हा मुलगा आजारी होऊन घरी येतो आणि कंपनीच्या हाती सापडतो. त्याचे डोळे काढले जातात आणि थेट मेंदूत चित्रे उमटवणारे यंत्र बसवले जाते. त्या चित्रांत जिनी दिसते. ज्यांनी डोळे नेले त्यांच्याच दाखवलेल्या स्वप्नामागे तो खुशीने निघून जातो.

उरते जया. ती चिडते, रडते, भांडते, सर्वांना नकोशी होते. चौघांमध्ये सर्वांत ‘बिघडलेली’ तीच वाटते. पण घरात काय चालले आहे, हे नेमके कळलेली व्यक्तीही तीच असते. दुःख, संताप, अस्वस्थता ही दर वेळी आजाराची खूण नसते. कधी ती परिस्थितीचे अचूक वाचन असते. या नाटकाने दाखवलेली ही गोष्ट डॉक्टर आणि नातेवाईक दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सोमा आणि औषधाची गोळी

आईच्या पडद्याला जुने नातेवाईक आहेत. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३च्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीत नायकाची बायको मिल्ड्रेड भिंतीएवढ्या पडद्यांवरच्या ‘कुटुंबा’त रमलेली असते. एका रात्री ती झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली संपवते. तिला वाचवायला डॉक्टर येत नाहीत. यंत्र घेऊन दोन कामगार येतात, पोट साफ करतात आणि पुढच्या घरी जातात. अशी कामे त्यांना रोज रात्री येतात. सकाळी मिल्ड्रेडला काही आठवत नाही आणि तिला कोणी काही विचारतही नाही. जीव वाचतो, पण तो धोक्यात का आला हा प्रश्न तसाच राहतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी आणल्यावर ‘आता तो विषय नको’ म्हणून गप्प बसणारी घरे आपल्याकडेही कमी नाहीत.

ऑल्डस हक्सले यांच्या १९३२च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये तर सरकारच ‘सोमा’ नावाची गोळी वाटते. मन जरा खट्टू झाले की गोळी घ्यायची आणि खूश व्हायचे. मात्र या कल्पनेने एक गैरसमजही पसरवला. मनोविकारावरची औषधे म्हणजे मन बधिर करणारा सोमाच, असे अनेकांना वाटते आणि त्या भीतीने उपचार टाळले जातात. प्रत्यक्षात नैराश्यावरची औषधे घेतल्याबरोबर आनंदाची लाट येत नाही. त्यांचा परिणाम जाणवायला साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. झोप, भूक, एकाग्रता हळूहळू परत येते. सोमा माणसाला वास्तवापासून दूर नेतो. योग्य उपचाराने माणसाला वास्तवाकडे वळण्याचे बळ मिळते. ही औषधे स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, तशीच एकाएकी बंदही करू नयेत.

कथेबाहेरचा करार

‘हार्वेस्ट’ निव्वळ कल्पना म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मानवी अवयवांच्या विक्रीला बंदी घालणारा कायदा भारतात १९९४मध्ये झाला. तरीही २०१६मध्ये अंधेरी आणि घाटकोपर यांच्या मधल्या पवई परिसरातील एका खासगी रुग्णालयात बेकायदा मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे प्रकरण पोलिसांपुढे आले. एका परक्या बाईला बनावट कागदपत्रांच्या आधारे रुग्णाची पत्नी म्हणून दाखवल्याचा आरोप त्यात होता. नाटकात बायकोची बहीण होते, इथे परकी बाई बायको झाली.

अवयव विकून अडचण तरी सुटते का? चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांचा अभ्यास २००२मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. अभ्यासाच्या वेळी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सरासरी सहा वर्षांनी, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश अजूनही कर्जातच होते. कुटुंबाचे सरासरी उत्पन्न एक तृतीयांशाने घटले होते. ८६ टक्के लोकांनी तब्येत खालावल्याचे सांगितले, आणि ७९ टक्के लोक दुसऱ्या कोणाला असे करण्याचा सल्ला देणार नव्हते. ‘इलाजच नव्हता’ हे ओमचे वाक्य या आकड्यांच्या शेजारी ठेवले की त्याची किंमत कळते.

असहायता शिकलेली की उपजत?

मग माणसे अशा सापळ्यात गप्प का राहतात? १९६७मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मेयर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग याबाबतीत गाजले. काही कुत्र्यांना विजेचे धक्के स्वतः थांबवता येत होते. काहींना काहीही केले तरी थांबवता येत नव्हते. नंतर सुटकेचा सोपा मार्ग, म्हणजे केवळ एक बुटका अडथळा ओलांडायचा, उपलब्ध करून दिला, तेव्हाही दुसऱ्या गटातले अनेक कुत्रे जागेवर बसून राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ असे नाव पडले आणि नैराश्याच्या अभ्यासात ही कल्पना रुजली.

जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६मध्ये, त्याच दोघांनी मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे आपले म्हणणे दुरुस्त केले. दीर्घकाळ त्रास झाला की निपचित पडणे ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा. आपल्या करण्याने काहीतरी बदलते, याचा अनुभव आला की मेंदूच्या पुढच्या भागातील यंत्रणा त्या निपचितपणाला आवर घालते.

याचा अर्थ दुहेरी आहे. खचलेला माणूस आळशी किंवा दुबळा नसतो. त्याचा मेंदू ठरल्याप्रमाणे वागत असतो. आणि त्याला बाहेर काढायला उपदेशापेक्षा ताब्याचा छोटासा खरा अनुभव अधिक उपयोगी पडतो. नैराश्यावरील वर्तनोपचारात म्हणूनच लहान, ठरवलेल्या, पूर्ण करता येतील अशा कामांपासून सुरुवात करतात. सकाळी अंघोळ, कोपऱ्यापर्यंत चालणे, एका माणसाला फोन. मार्गारेट ॲटवूड यांच्या १९८५च्या ‘द हँडमेड्स टेल’मधली नायिका कैदेत असताना जेवणातले लोणी लपवून हातांना लावते. आपला देह आपला आहे, एवढेच तिला त्यातून स्वतःला सांगायचे असते.

जयाचा शेवट आणि आपली सुरुवात

नाटकाच्या अखेरीस जया एकटी उरते. जिनी मुळात अस्तित्वातच नसते. तिच्या चेहऱ्याआड व्हर्जिल नावाचा म्हातारा असतो. तो जयाला मोहात पाडू पाहतो. ती दार लावून घेते आणि अट घालते: यायचे तर पडद्यावरून नाही, स्वतः या. शिवाय आपले नाव नीट उच्चारायला शिका. जबरदस्ती केलीत तर जीव देईन, असेही ती बजावते.

रंगमंचावर हा शेवट अंगावर काटा आणतो. पण तो अनुकरणाचा नमुना नव्हे. जयाला मृत्यूची धमकी द्यावी लागते, कारण त्या खोलीबाहेर तिचे ऐकणारे कोणी लेखकाने ठेवलेले नाही. डिस्टोपियाची ही अटच असते. मदतीची सगळी दारे बंद करूनच कथा उभी राहते. खऱ्या आयुष्यात ती तशी बंद नसतात, जरी आजारी मनाला तसे वाटत असले तरी.

अडचण आहे ती माणसे दारापर्यंत न पोहोचण्याची. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. महानगरांत हे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा जास्त होते. वेगवेगळ्या विकारांत उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते, आणि तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी आहे.

सलग दोन आठवडे मन उदास असेल, आवडत्या गोष्टीत रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तपासणी करून घ्यावी. जीव देण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, मराठीतही. उपनगरातील लोकांसाठी विलेपार्ले-जुहूच्या कूपरसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे.

आणि घरच्यांसाठी तपासणी याहून सोपी आहे. बोरिवली असो वा मुलुंड, वन रूम किचनमध्ये चार माणसे हाताच्या अंतरावर असतात. कोण सतत ‘सगळे ठीक आहे’ म्हणते, कोण मोबाइलमधून मान वर काढत नाही, कोण सुन्न झाले आहे, कोण विनाकारण चिडते असे वाटते, हे दिसते. ‘हार्वेस्ट’मधल्या चौघांनी एकमेकांना एकदाही स्वस्थ बसून विचारले नाही, की तुझे काय चालले आहे. ते विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. आजच रात्री, टीव्ही बंद करून, विचारता येते.