यात्रेतील चुकामूक आणि स्वयंसेवकांचे कार्य

पंढरपूरची आषाढी वारी असो, नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ असो वा प्रयागचा कुंभमेळा असो, लाखोंच्या जनसमुदायात आप्तस्वकीयांची चुकामूक होणे ही नित्याची घटना होय. बहुतेकांची पुनर्भेट लवकर होते. परंतु ज्याला आपल्या गावाचे नाव सांगता येत नाही असे बालक, किंवा स्मृती क्षीण झालेली वृद्ध व्यक्ती, यांच्या बाबतीत क्षणाची चुकामूक ही कायमची ताटातूट ठरू शकते. पोलीस यंत्रणेच्या जोडीला प्रशिक्षित स्वयंसेवकांची आवश्यकता भासते ती येथेच.

प्रयागचा अनुभव

या क्षेत्रातील सर्वांत परिचित उदाहरण प्रयाग येथील आहे. 1946 साली माघमेळ्यात राजाराम तिवारी या तरुणाने आप्तांपासून दुरावलेल्या एका वृद्धेला साहाय्य केले. पत्र्याच्या कर्ण्यातून पुकारा करीत सुरू झालेल्या या कार्याला पुढे ‘भारत सेवा दल’ या संस्थेच्या ‘भूले-भटके शिबिरा’चे स्वरूप प्राप्त झाले. तिवारी यांनी 2016 मध्ये झालेल्या आपल्या निधनापर्यंत हे व्रत चालविले. त्यानंतरही हे कार्य खंडित झाले नाही. हरवलेल्या महिला व बालकांसाठी त्याच मेळ्यात हेमवती नंदन बहुगुणा स्मृती समितीचे स्वतंत्र शिबिर चालते. 2025 च्या महाकुंभात शासनाने संगणकीकृत केंद्रे उभारली. तथापि ध्वनिक्षेपकावरील पुकाऱ्याचे महत्त्व त्यामुळे कमी झाले नाही.

शोधाचे तत्त्व

हरवलेल्या माणसासाठी गर्दीत धावाधाव करणे म्हणजेच शोध, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः शोधणारा आणि हरवलेला असे दोघेही फिरत राहिले, तर ते एकमेकांच्या जवळून जाऊनही भेटत नाहीत. म्हणून सर्वांना ठाऊक असलेले एक निश्चित ठिकाण आणि तेथे ठेवलेली एकच नोंदवही, हा या कार्याचा पाया होय. हरवलेली व्यक्ती तेथे पोचविली जाते, नातेवाईकही तेथेच चौकशीला येतात आणि दोन्ही नोंदी एकत्र जुळतात. एकाच मेळ्यात अनेक केंद्रे असल्यास त्यांच्या नोंदींची वारंवार देवाणघेवाण होणे अगत्याचे आहे. अन्यथा आजी एका केंद्रात आणि तिचा मुलगा दुसऱ्या केंद्रात, अशी स्थिती उद्भवते.

स्वयंसेवकाचे खरे कौशल्य प्रश्न विचारण्यात असते. गावाहून प्रथमच बाहेर पडलेल्या वृद्धेला जिल्ह्याचे नाव ठाऊक नसते. पतीचे नाव उच्चारण्यास ती संकोचते. अशा वेळी आठवड्याचा बाजार कोठे भरतो, एस.टी. कोठून सुटते, ग्रामदैवत कोणते, नदी कोणती, असे विचारीत गेल्यास गावाचा माग लागतो. माहिती घेण्यापूर्वी पाणी देऊन, बसवून धीर देणे उचित, कारण घाबरलेल्या माणसाला आठवत असलेलेही सांगता येत नाही. पुकारा त्या व्यक्तीच्या बोलीत केल्यास तो आप्तांच्या कानी चटकन पडतो.

सुपूर्द करताना दक्षता

बालकाच्या बाबतीत सद्भावना पुरेशी नाही. ‘मी याचा मामा’ असे सांगणाऱ्याच्या स्वाधीन मूल करणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. ओळख पटविण्याचे काम पोलिसांच्या उपस्थितीत व्हावे. एकटे सापडलेले मूल 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बालकल्याण समितीपुढे हजर करण्याची तरतूद 2015 च्या बाल न्याय अधिनियमात आहे. म्हणून कोणीही असे मूल दयाबुद्धीनेदेखील परस्पर घरी नेऊ नये. तसेच तक्रारीसाठी 24 तास थांबावे लागते हा समज निराधार आहे. हरवलेल्या मुलाबाबतची तक्रार प्रथम खबर म्हणून नोंदविली जावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये दिले आहेत. बालकांसाठी 1098 व तातडीच्या मदतीसाठी 112 हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकास पाठ असावेत.

पूर्वतयारी गावातच

शोधाचे निम्मे काम यात्रेला निघण्यापूर्वीच गावात होऊ शकते. ग्रामपंचायतीने निघणाऱ्या प्रत्येक तुकडीतील व्यक्तींची नावे, वये आणि घरच्या माणसांचे दूरध्वनी क्रमांक यांची यादी करून एक प्रत गावी व एक तुकडीप्रमुखाकडे ठेवावी. वृद्धांच्या व बालकांच्या खिशात नाव, गाव, तालुका, जिल्हा व संपर्क क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावी. भ्रमणध्वनीवर विसंबणे धोक्याचे आहे. गर्दीत तो हरवतो, बंद पडतो, आणि त्यातील क्रमांक क्वचितच कोणाला तोंडपाठ असतात. मुक्कामी पोचताच सर्वांनी भेटण्याची एक खूण ठरवावी. प्राथमिक शिक्षकांनी मुलांकडून पूर्ण नाव, आईचे नाव, गाव आणि एक दूरध्वनी क्रमांक पाठ करून घ्यावा, आणि चुकामूक झाल्यास इकडेतिकडे न भटकता जवळच्या पोलिसाकडे जावे, ही शिकवण द्यावी.

2027 मध्ये होणाऱ्या नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थाच्या अमृतस्नानांसाठी राज्याच्या गावोगावांहून भाविक निघतील. त्यांच्यासाठी केंद्रे उभारण्याचे उत्तरदायित्व प्रशासनाचे आहे आणि ती चालविण्यास सेवाभावी हात लागतील. परंतु केंद्रात आणून बसविलेल्या आजीच्या पदराला बांधलेली चिठ्ठी ही तिच्या गावानेच लिहिलेली असावी लागते. ती असेल, तर जे काम एरवी कित्येक दिवस रेंगाळेल ते एका दूरध्वनीने पार पडेल.