बंदुकीचा कायदा आणि मतदाराचं पत्र

मिनिआपोलिसच्या अनन्सिएशन चर्चमध्ये २७ ऑगस्ट २०२५ला शाळेची मुलं प्रार्थनेला बसलेली असताना झालेला गोळीबार, त्यात गेलेली आठ आणि दहा वर्षांची दोन मुलं, हे सगळं वाचून-पाहून झालं आहे. त्यानंतर अमेरिकेत दर वेळी होतं तेही झालं. मेणबत्त्या लागल्या, शोकसंदेश आले आणि ‘आपल्या लोकप्रतिनिधीला लिहा’ असं आवाहन निघालं. या शेवटच्या आवाहनाकडे आपण उपचार म्हणून पाहतो. मला तेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. अमेरिकेत बंदुकीचे कायदे आले किंवा अडले, त्यात मतदारांच्या पत्रांचा वाटा मोठा आहे. आणि ती पत्रं बहुतेक वेळा एकाच बाजूने आली.

१९३४ सालचंच पाहा. टोळीयुद्धांनी हैराण झालेल्या रूझवेल्ट सरकारने शस्त्रांच्या नोंदणीचं विधेयक आणलं. अ‍ॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्या मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशनने, म्हणजे एनआरएने, आपल्या सभासदांना काँग्रेस सदस्यांकडे पत्रं आणि तारा पाठवायला सांगितलं. कायदा झाला तेव्हा मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांवर २०० डॉलरचा कर राहिला होता, पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर मात्र गळली होती. अमेरिकेत आज बंदुकीने होणाऱ्या खुनांमध्ये सर्वाधिक वापर याच हातातल्या लहान शस्त्रांचा होतो.

या विषयावर मॅथ्यू लॅकोम्ब या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचं ‘फायरपॉवर’ (२०२१) हे पुस्तक वाचायलाच हवं. एनआरएची ताकद पैशात आहे, असं आपण सगळेच म्हणत आलो. लॅकोम्ब यांनी वेगळी वाट धरली. एनआरएच्या ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकाचे कित्येक दशकांचे अग्रलेख काढले आणि त्याच काळात मोठ्या वृत्तपत्रांत बंदूक कायद्यावर आलेली वाचकांची पत्रं त्यांच्याशेजारी ठेवली. अग्रलेखात बंदूकधारकाचं जे चित्र होतं, कायदा पाळणारा, देशावर प्रेम करणारा, स्वतःच्या पायावर उभा असलेला साधा नागरिक, तेच चित्र तशाच शब्दांत वाचकांच्या पत्रांत उतरलेलं त्यांना दिसलं. कायद्याच्या बाजूने लिहिणारे आकडे देत, धोरण समजावून सांगत. त्यांचं बोलणं रास्त होतं, पण ‘आम्ही कोण’ हे त्यांच्या पत्रांत क्वचितच असे. बंदूकवाला स्वतःबद्दल लिहीत होता. धोरणाबद्दल लिहिणारा माणूस महिन्याभराने दुसऱ्या विषयाकडे वळतो. स्वतःबद्दल लिहिणारा थांबत नाही. या पुस्तकातून मी उचलतो ते एवढंच, आणि मला ते पूर्ण पटतं.

सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर ते दिसलंच. डिसेंबर २०१२मध्ये वीस लहान मुलं आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. खरेदीदाराची पार्श्वभूमी सर्वत्र तपासावी, याला त्या वेळच्या पाहण्यांत दहापैकी जवळपास नऊ जणांचा पाठिंबा होता. तरी एप्रिल २०१३मध्ये पार्श्वभूमी तपासणी वाढवणाऱ्या, सिनेटर मँचिन आणि टूमी यांच्या प्रस्तावाला सिनेटमध्ये ५४ मतं मिळाली. लागत होती ६०. नऊ जणांचं मत पाहणी करणाऱ्याच्या वहीत राहिलं.

पत्र पोचल्यावर पुढे काय होतं, हे समजून घ्यायला हवं. २००१मध्ये सिनेटरांना अँथ्रॅक्सची पाकिटं आली, तेव्हापासून कागदी टपाल तपासणीतून फिरून उशिरा पोचतं. म्हणून आता ईमेल, संकेतस्थळावरचा अर्ज आणि फोन. फोन उचलणारी मुलगी बहुधा कॉलेजात शिकणारी इंटर्न असते आणि ती आधी झिप कोड विचारते. मतदारसंघाबाहेरचा असाल तर संभाषण तिथेच आटोपतं. पत्रं वाचायला कार्यालयात एक-दोन तरुण कर्मचारी असतात. ते पत्रं विषयवार लावतात, बाजूने किती आणि विरोधात किती याची नोंद ठेवतात आणि तयार मजकुरातून उत्तर पाठवतात. एकाच मसुद्याची हजार ईमेल आली तर त्यांचा एक गठ्ठा होतो. आमच्या गल्लीतल्या शाळेत मुलीला दिवे मालवून, दाराआड गप्प बसायचा सराव करावा लागतो, असं कुणी स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर ते पान वर सरकण्याची शक्यता अधिक.

उत्तरही वाचता यायला हवं. पहिल्या परिच्छेदात दुःख, दुसऱ्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीबद्दल आदर, तिसऱ्यात मानसिक आरोग्य, शेवटी ‘आपलं मत ध्यानात ठेवीन’. विधेयकाचा क्रमांक नाही, बाजूने की विरोधात याचा पत्ता नाही. अशा उत्तराला पुन्हा लिहावं आणि एकच विचारावं: मतदान कसं करणार? लेखी नकार मिळाला तरी तो पुढच्या निवडणुकीत दाखवता येतो.

भारतात आपल्या खासदाराला आपण रेशनकार्डासाठी लिहितो, बदलीसाठी लिहितो, रेल्वेच्या थांब्यासाठी लिहितो. कायद्यावर कसं मत द्यावं, हे लिहीत नाही. त्याला कारणही आहे. १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप निघाला की खासदाराच्या हातात फारसं उरत नाही. आपला शस्त्र कायदा १९५९चा, परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देणार, त्यामुळे तो प्रश्नही तसा पेटत नाही. अमेरिकन सदस्याला पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्व गमवावं लागत नाही. टेक्ससमधल्या युवाल्डेच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्यावर, जून २०२२मध्ये सिनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी बंदुकीच्या कायद्याचं विधेयक मंजूर केलं. पन्नासपैकी १५ रिपब्लिकन बाजूने गेले. वाटाघाटी करणारे टेक्ससचे रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन यांची स्वतःच्याच पक्षाच्या अधिवेशनात हुर्यो झाली, तरी त्यांचं मत टिकलं.

मिनिआपोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटात तर हिशेब आणखी जवळचा आहे. २०२३मध्ये पार्श्वभूमी तपासणी आणि धोकादायक व्यक्तीकडून बंदूक काढून घेण्याची तरतूद राज्याच्या सिनेटमध्ये ३४ विरुद्ध ३३ अशी, एका मताने मंजूर झाली. ग्रामीण मतदारसंघांतले काही डेमोक्रॅट शेवटपर्यंत कुंपणावर होते. तिथल्या खालच्या सभागृहात १३४ सदस्य. एकामागे साधारण बेचाळीस हजार माणसं, म्हणजे आपल्याकडची एखादी मध्यम नगरपालिका. एवढ्याशा मतदारसंघातून आठवड्यात पन्नास खरी पत्रं आली तर ती सदस्याच्या टेबलावर पोचतात, हे मी खात्रीने म्हणतो.

मिनिआपोलिसच्या परिसरात मराठी कुटुंबं आहेत, त्यांची मुलं याच शाळांत जातात. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना वाटतं, मत नाही तर आपला संबंध नाही. पण अमेरिकेत मतदारसंघ आखताना तिथे राहणारा प्रत्येक माणूस मोजला जातो, नागरिक असो वा नसो. झिप कोड त्यांचाही असतो आणि पत्र लिहायला मतदार असावं लागत नाही. गोळीबारानंतर राज्यपाल टिम वॉल्झ यांनी २०२५मध्ये विशेष अधिवेशन बोलावणार असल्याचं सांगितलं होतं, असॉल्ट रायफलींवर बंदी आणायचा त्यांचा इरादा होता, आणि सभागृहातलं बळ जवळपास समसमान होतं. सदस्य मोकळे असतात ते अशा वेळी. अधिवेशनाची तारीख ठरायच्या आधी त्यांच्याकडे बंदूकवाल्यांच्या बाजूची पत्रं पोचलेली असतात.