परवाना ऑपरेटरला, पत्र कोणाला?

कोकण किनाऱ्याच्या नकाशावर उत्तरेला तारापूर आणि दक्षिणेला राजापूर तालुक्यातलं माडबन अशा दोन खुणा केल्या, तर आमचा म्हसळा जवळजवळ मधोमध येतो. तारापूर 1969 पासून वीज देतंय, माडबनचा जैतापूर प्रकल्प अजून कागदावर आहे. जैतापूरचं आंदोलन पेटलं तेव्हा जमीन, मासळी, भूकंप, विजेचा दर या सगळ्यांवर बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. मला मात्र तेव्हापासून एका वेगळ्या प्रश्नानं धरून ठेवलंय. अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये बसणारा माणूस नोकरी लागल्यावर काय शिकत राहतो? आणि दुसऱ्या एखाद्या भट्टीत घडलेली चूक त्याच्यापर्यंत पोचायला किती काळ लागतो?

नोकरीआधीच्या शिक्षणाची गोष्ट आपल्याकडे अभिमानानं सांगितली जाते. होमी भाभांनी ऑगस्ट 1957 मध्ये तुर्भ्याला ट्रेनिंग स्कूल सुरू केलं. वर्षभर कसून अभ्यास आणि मग थेट कामावर. अनिल काकोडकर व्हीजेटीआयमधून तिथेच गेले. पुढच्या शिक्षणाबद्दल मात्र फारसं लिहिलं जात नाही. वीजकेंद्रातल्या शिफ्ट चार्ज इंजिनिअरला आणि भट्टी चालवणाऱ्या इतर इंजिनिअरांना कामासाठी परवाना लागतो. तो अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली मिळतो. लेखी पेपर, केंद्रात फिरून यंत्रं दाखवणं, सिम्युलेटरवरची चाचणी आणि तोंडी परीक्षा एवढं पार पडल्यावर मिळालेला परवाना तीन वर्षं चालतो. मग पुन्हा प्रशिक्षण आणि पुन्हा पात्रता सिद्ध करणं. पन्नाशीतल्या अनुभवी माणसालाही यातून सुटका नाही. फार थोड्या पेशांत ही शिस्त आहे आणि मला तिचा मनापासून आदर वाटतो.

पण या शिस्तीच्या मुळाशी असलेला एक अमेरिकन कागद वाचला आणि माझ्या विचारांची दिशा बदलली.

24 सप्टेंबर 1977 रोजी ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला तो उघडाच राहिला. भट्टीतलं पाणी बाहेर जात होतं, पण भट्टीचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशरायझर टाकीतली पातळी वर चढताना दिसत होती. पाणी जास्त झालंय असं समजून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला. तसंच त्यांना शिकवलं होतं. भट्टी जेमतेम 9 टक्के क्षमतेवर होती आणि उघडा व्हॉल्व्ह वीसेक मिनिटांत लक्षात आला, म्हणून निभावलं.

भट्टी बनवणारी कंपनी होती बॅबकॉक अँड विलकॉक्स. तिथल्या जोसेफ केली या इंजिनिअरनं 1 नोव्हेंबरला अंतर्गत टिपण पाठवलं: ऑपरेटरांना दिलेल्या सूचना बदलायला हव्यात का? सेवा विभागाकडून उत्तर आलं की ऑपरेटर वागले ते बरोबरच. मग 9 फेब्रुवारी 1978 रोजी बर्ट डन या कंपनीतल्याच वरिष्ठ इंजिनिअरनं जास्त कडक टिपण लिहिलं. भट्टी पूर्ण क्षमतेवर असती तर गाभा उघडा पडून इंधनाला इजा होण्याची शक्यता होती, असं त्यानं स्पष्ट मांडलं आणि पाणी केव्हा बंद करू नये याचा नियमही सुचवला. ते टिपण या विभागातून त्या विभागात फिरत राहिलं. कोणी ते फेटाळलं नाही, कोणी मार्गीही लावलं नाही. एकाही केंद्राला नवी सूचना गेली नाही.

28 मार्च 1979 च्या पहाटे थ्री माईल आयलंड केंद्रातल्या त्याच कंपनीच्या भट्टीत तसाच व्हॉल्व्ह उघडा राहिला, तशीच पातळी चढली आणि ऑपरेटरांनी तसंच पाणी कमी केलं. या वेळी भट्टी जवळजवळ पूर्ण क्षमतेवर होती. गाभ्याचा मोठा भाग वितळला.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी, मूळचे हंगेरीचे गणिती. मूळ दोष यंत्रांपेक्षा माणसांच्या कारभारात आहे, असं त्यांच्या अहवालानं बजावलं. सिम्युलेटर आणि फेरपरीक्षांवर जगभर जो भर आला त्यामागे तो अहवाल मोठा आहे. पण मला वाटतं, त्यातला अर्धाच धडा आपण घेतला. ऑपरेटरला पुन्हा शाळेत बसवलं. ज्यांच्या टेबलांवर डनचं टिपण पडून होतं, त्यांना कुठल्या शाळेत घातलं?

हे अमेरिकेतच घडतं असं समजू नये. 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाईनची दोन पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं, केबली जळाल्या आणि सुमारे 17 तास केंद्राची वीज गेली. कंट्रोल रूममध्ये धूर भरला. भट्टी बंद केली होतीच, पण ती बंदच राहावी म्हणून काही कर्मचारी टॉर्चच्या उजेडात वर चढले आणि त्यांनी हातानं व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. डिझेलवरच्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी दिलं. प्रशिक्षण कशाला म्हणतात ते त्या माणसांनी दाखवलं.

आता दुसरी बाजू. नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी पुढे लिहिलं की अशा पात्यांना तडे जातात हे जनरल इलेक्ट्रिकनं 1989 मध्येच टर्बाईन बनवणाऱ्या भेलला कळवलं होतं. भेलनं सुधारित आराखडे तयार करून अणुऊर्जा महामंडळाला दिले आणि अपघात होईपर्यंत त्यांवर काही झालं नाही. म्हणजे चार वर्षं. डनच्या टिपणाला तेरा महिने मिळाले होते.

माडबनला ज्या ईपीआर भट्ट्या ठरल्या आहेत, त्या भारतात कोणी चालवलेल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या चुकांची खबर बाहेरूनच यायची. चीनच्या तायशान केंद्रातल्या पहिल्या ईपीआरमध्ये इंधनकांड्यांची आवरणं खराब झाल्यामुळे ती जुलै 2021 मध्ये थांबवावी लागली आणि वर्षभरानं पुन्हा सुरू झाली. जैतापूरवर चर्चा करताना आपण आता एक नेमकी मागणी करायला हवी: बाहेरून आलेली अशी प्रत्येक सूचना कोणत्या तारखेला मिळाली, कोणी वाचली, सिम्युलेटरवरच्या सरावात ती केव्हा आली आणि यंत्रात केव्हा उतरली, याची नोंदवही लोकांना पाहायला खुली असावी. आणि तीन वर्षांची फेरपरीक्षा त्या नोंदवहीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही लागू असावी.